सी लामीनचं अनुचित बोलणं

बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या नव्या यंत्राचं कौतुक करून सी लामीनला काय मिळणार होतं, याचा हिशेब आधी मांडू. पगारवाढ? ती गेल्या ईदला व्हायची होती आणि अजून होतेच आहे. मालकाची मर्जी? मालक सी रऊफ ('सी' म्हणजे आपलं 'श्रीयुत') त्या वेळी इटलीहून आलेल्या तंत्रज्ञाच्या पाठीवर थापा मारण्यात गुंग होता, त्याला लामीन दिसतही नव्हता. यंत्राचं प्रेम? यंत्राला कान नसतात. म्हणजे जमेच्या बाजूला ढळढळीत शून्य. तरीही माणूस बोलला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"काय चालतंय हो!" सी लामीन म्हणाला. "एकदासुद्धा अडकलं नाही."

आणि थांबला.

स्फाक्स शहरात कौतुक असं उघडंबोडकं करत नाहीत. लेकरू असो, गाडी असो, बहरलेलं बदामाचं झाड असो की शेजाऱ्याचे नवे बूट असोत, आधी 'तबारकल्ला' म्हणायचं, म्हणजे देवाची बरकत त्यावर राहते आणि दृष्ट लागत नाही, आणि मग हवं ते बोलायचं. हा शब्द लोकांच्या तोंडी इतका बसलेला की दात घासतानाही निघेल. फक्त लामीनच्या तोंडी तो बसला नव्हता. कुणाचं वाईट चिंतावं असा त्याचा स्वभाव नव्हता. तेलाच्या त्या कंपनीत गोदामाचा हिशेब सांभाळता सांभाळता त्याला सवयच लागली होती की जेवढं आहे तेवढंच बोलावं, वर काही जोडू नये.

त्याचं वाक्य संपलं तेव्हा सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आला नाही. त्याऐवजी यंत्राच्या पोटातून, म्हाताऱ्याच्या घशात माशाचा काटा अडकावा तसा आवाज आला आणि ते थांबलं. मागून येणाऱ्या बाटल्यांना हे कुणी कळवलं नव्हतं, त्या येतच राहिल्या. एकीवर एक आदळल्या, फुटल्या, आणि उत्तम प्रतीचं ऑलिव्ह तेल इटालियन पाहुण्याच्या बुटांत शिरलं. त्याच सकाळी यंत्रासाठी मेंढा कापला होता. यंत्रावर वाळलेली माशाची शेपटी टांगली होती. बाजूला पाच बोटांचा पंजा रंगवला होता. असे तीन तीन पहारेकरी उभे, आणि एकटा लामीन त्यांच्या नाकासमोरून आत शिरला.

खरं तर त्याचं पूर्वचरित्रही फारसं निर्मळ नव्हतं. हिशेब विभागातल्या मुख्तारला त्याने एकदा "काय दाट केस आहेत तुझे!" म्हटलं होतं, मुख्तार आता बाराही महिने टोपी घालतो. कंपनीच्या लिफ्टबद्दल तो "किती गुपचूप चालते" असं म्हणाला होता. ती त्या दिवसापासून गुपचूपच आहे. तो खोलीत आला की सहकारी टेबलावरचे मुलांचे फोटो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवत, आणि हे लोक किती नीटनेटके आहेत असं लामीनला मनापासून वाटे. ते तो बोलूनही दाखवी. मग ड्रॉवर अडकत.

यंत्र का अडकलं, हे खरेदी विभागातल्या मादाम झकियाने मालकाला तिथल्या तिथे सांगितलं होतं. झाकणं मालकाच्या मेहुण्याकडून घेतलेली, बाटलीच्या गळ्यापेक्षा केसभर मोठी. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून अनेकदा म्हणे आणि बहुतेक वेळा ते खरं असे. पण मेहुण्याला दोष द्यायचा तर घरी जाऊन बायकोला तोंड द्यावं लागतं. लामीनला दोष द्यायला कामावरून काढल्याचं एक पत्र पुरतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात ही मोठीच सोय असते.

आता पत्रात लिहायचं काय? 'दृष्ट लावली' असं लिहावं तर उद्या ते बँकेचा माणूस वाचणार, इटलीवाले वाचणार. सी रऊफने बराच विचार केला आणि लिहवून घेतलं: 'कामाच्या ठिकाणी वारंवार अनुचित बोलल्याबद्दल.' त्यात खोटं काहीच नव्हतं. बोलणं होतं, वारंवार होतं, आणि तबारकल्लाशिवाय असल्यामुळे अनुचितही होतं.

लामीनने ते पत्र घरी आणून बायकोच्या हातात दिलं. नेझिहा मासे साफ करत होती. तिने ओल्या हातांनीच ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि सुरी खाली न ठेवता विचारलं, "कोण आहे ती?"

"ती नाही गं. ते. यंत्र."

सगळी हकिगत ऐकून नेझिहा मटकन खाली बसली. सुरी हातातच होती. "अरे माणसा," ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे ना आपल्या युसराची बोलणी कुठे चाललीत?"

ठाऊक कसं नसणार? मुलगा अनीस, सोन्यासारखा. त्याचा बाप सी तिजानी, शहरातला मोठा व्यापारी. आणि सी तिजानीचा व्यापार झुंबरांचा. छताला काचेची झुंबरं, भिंतींना काचेचे दिवे, कपाटात काचेचे पेले. त्या दुकानात माणसं शिंक आली तर रस्त्यावर येऊन शिंकत.

"यंत्राचं नाव कुणापुढे काढायचं नाही," नेझिहाने निकाल दिला.

"मग काय सांगू?"

"पत्रात लिहिलंय तेच सांग. अनुचित बोललास. एका बाईला."

"मी?" लामीनचा आवाज चिरकला. या माणसाने आयुष्यात शेजाऱ्यांच्या मांजरीकडेसुद्धा, ती मांजरी आहे म्हणून, नजर वर करून पाहिलं नव्हतं. "मी लोकांना असं सांगू? माझी अब्रू..."

"अब्रूचं मला सांगू नकोस. थोडा चळलेला व्याही लोकांना चालतो, त्याला सांभाळायला बायको असते. दृष्ट लावणारा व्याही कुणाला चालेल? त्याला कोण सांभाळणार, झुंबरं?"

लामीनने माशाच्या पाण्याने भिजलेलं पत्र उचललं आणि खिडकीत वाळत घातलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला शेजारचा सी अम्मार, पोस्टातून निवृत्त झालेला. सांत्वनाला आला होता, पण दारातच त्याने डोळा मारला.

"काय रे, छुपे रुस्तम! आणि आम्ही तुला इतकी वर्षं इमाम समजत होतो."

"तसं काही नाही, अम्मार."

"बरोबर. असंच म्हणायचं. कबूल करायचं नाही, नाकारायचंही नाही. आणि ऐक माझं, जरा मिशी ठेव. नुसत्या अशा तोंडाने लोकांना खरं वाटत नाही."

कॉफीच्या दुकानात तर कमालच झाली. लामीनची खुर्ची नेहमी दाराशी असे, जिथे वारा आणि भिकारी आधी येतात. आता त्याला आतली गादीची खुर्ची मिळाली. पत्त्यांचा डाव थांबवून लोक त्याला "तू काय म्हणतोस, लामीन?" असं विचारू लागले. एका विधुराने बाजूला घेऊन सल्ला मागितला. बदनामी इतकी आरामशीर असते हे लामीनला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तरी प्रत्येक घोटाबरोबर त्याच्या स्वाभिमानाला एक चिमटा बसे. माणसाचं नाव जायचंच असेल तर निदान केलेल्या गोष्टीसाठी जावं!

मिशी मात्र त्याने ठेवली.

सी अम्मारचा दुसरा सल्ला होता श्रम कार्यालयात दाद मागण्याचा. पहिल्या खिडकीने लामीनला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसऱ्या खिडकीतल्या माणसाने जेवून येऊन त्याला पहिलीकडे पाठवलं. शेवटी निरीक्षकसाहेब भेटले. पत्र वाचून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. अशी प्रकरणं त्यांच्या वाट्याला क्वचितच येत असावीत.

"हं. काय बोललात? लाजू नका, इथे आपण दोघेच आहोत."

"'काय चालतंय हो' असं म्हणालो."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे तिच्या चालण्याबद्दल?"

लामीनला सरकारी खोलीत खोटं बोलता येत नसे. तिथे भिंतीवर घड्याळ असतं, आणि घड्याळासमोर तो शाळेपासून खरंच बोलत आला होता. "चालण्याबद्दलच. पण यंत्राच्या. आणि मग ते थांबलं."

साहेबांनी सावकाश आपला नवा चष्मा उतरवला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मग टेबलावरचं पेन, मग लेकीचा फोटो. कॉफीचा कप फाइलीने झाकला.

"सी लामीन," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कायद्यात यंत्राचा अपमान होत नाही. दृष्टीचं कलम नाही. बाई असती तर मी मालकाला बोलावलं असतं, बाईला बोलावलं असतं, काहीतरी झालं असतं. जिला बोललात ती बाई आणा."

लामीन उठला. जाताना माणसाने काहीतरी गोड बोलावं म्हणून तो दारात वळला. "तुमचं कार्यालय फार..."

"बोलू नका!" साहेब ओरडले.

घरी आला तर तिथेही बाईचीच मागणी. सी तिजानीच्या आईकडून, हाज्जा मन्नूबियाकडून, निरोप आला होता: मुलगी पसंत आहे; बाप काय, माणूस आहे, जीभ घसरते, पण भांडण पदराला बांधून सोयरीक होत नाही. लामीनने त्या बाईची माफी मागावी, आमच्यासमोर, मिठाई ठेवून. मग लगेच मुलांच्या फातिहाचा, म्हणजे लग्न पक्कं करण्याचा, दिवस धरू.

"आता बाई कुठून आणू?" लामीनने डोक्याला हात लावला.

"तू नको आणूस," नेझिहा म्हणाली. "तुला आणता आली असती तर एवढं सगळं झालंच नसतं." आणि बदामाच्या बक्लाव्याचा डबा घेऊन ती सरळ मादाम झकियाकडे गेली.

मादाम झकिया विधवा, निवृत्तीला आलेली, आणि जिभेला धार अशी की कागद कापायला वेगळी कात्री लागू नये. तिच्या खुर्चीची स्प्रिंग मोडून कित्येक वर्षं झाली होती. नवी मागितली की मालक म्हणे, "आता जाताजाता कशाला?" तिने नेझिहाचं सगळं ऐकून घेतलं. बक्लाव्याचा एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला.

"म्हणजे मला म्हणाला? तो? लामीन?"

"हो."

"काय म्हणाला?"

"ते तुम्हीच ठरवा. काहीतरी राग येण्यासारखं."

"आणि मग मी काय केलं? चिडले, की लाजले?"

"चिडलात."

"चिडते मग. आधी थोडी लाजते." तिसरा तुकडा उचलत ती म्हणाली, "येते मी. पण सी रऊफलाही मीच घेऊन येणार. माफी व्हायची तर मालकाच्या कानांवर पडू दे."

रविवारी दुपारी दिवाणखाना भरला. भिंतीशी हाज्जा मन्नूबिया, शेजारी तिचा मुलगा सी तिजानी. त्याच्या पायाशी भेटीचं एक मोठं खोकं. कोपऱ्यात सी रऊफ, ज्याला आपल्याला का बोलावलंय ते कळलं नव्हतं आणि म्हणून तो बक्लावा भराभर खात होता. सी अम्मार, ज्याला कुणीच बोलावलं नव्हतं. पडद्यामागे युसरा, बिचारी श्वास रोखून. नेझिहा चिलगोजे घातलेला चहा ओतत होती.

मादाम झकिया जांभळा पोशाख घालून, डोळ्यांत काजळ घालून आली. बसली. उसासा टाकला.

"मुली," हाज्जा म्हणाली, "झालं गेलं सांगून टाक. बोललं की मन हलकं होतं."

"काय सांगू, हाज्जा." झकियाने नजर जमिनीला लावली. "मी बिलांवर सह्या करत होते. हे आले. म्हणाले, 'मादाम झकिया, तुम्ही सही करता तेव्हा तुमचं मनगट पाण्यातल्या माशासारखं वळतं.'"

हाज्जाने हातातला पेला खाली ठेवला.

"मी म्हटलं, सी लामीन, लाज धरा. तर म्हणाले, 'लाज धरूनच इतकी वर्षं गेली. लोकांना वाटतं मी गोदामात खोकी मोजतो. मी तुमच्या टेबलाकडे पाठ करून उभा असतो, एवढंच.'"

"अल्ला, अल्ला," सी अम्मार पुटपुटला. त्याने खिशातून पेन काढलं आणि हे तळहातावर लिहून घेतलं.

नेझिहाच्या हातातली किटली तशीच कलती राहिली होती. पेला भरला, बशी भरली, चहा गालिच्यावर आला. लामीन लाल झाला होता. वाक्य आपलं नाही हे त्याला माहीत होतं, तरी ते इतकं चांगलं होतं की नाकारणंही जिवावर येत होतं.

"चुकलो," तो म्हणाला. "माफ करा."

"केलं माफ," झकिया म्हणाली, आणि तिच्या आवाजातली लाज एकदम कुठे गेली कुणास ठाऊक. ती कोपऱ्याकडे वळली. "पण सी रऊफ, श्रम कार्यालयाचे साहेब आता मला बोलावणार. मी काय सांगू? हे असं बोलले म्हणून सांगितलं, तर ते विचारतील, तुमच्या कंपनीत विधवा बाईला इतकी वर्षं हे ऐकावं लागलं आणि मालक काय करत होता? आणि बोलले नाहीत म्हणून सांगितलं, तर विचारतील, मग काढलं कशाला? मग निघेल यंत्र. यंत्रातून निघतील झाकणं. आणि झाकणं कुणाची, असं विचारलं की..."

सी रऊफच्या घशात बक्लावा अडकला. झाकण बसतच नव्हतं म्हणा ना. सी अम्मारने पाठीत गुद्दे घातले, पाणी पाजलं.

"उद्या," मालक धापा टाकत म्हणाला, "उद्यापासून या, सी लामीन. मागच्या गोदामात. तिथे सगळं मोडकंच सामान आहे, तुम्ही मनमोकळं बोला. झाकणं परत पाठवतो."

"आणि माझी खुर्ची," झकिया म्हणाली.

"आणि खुर्ची."

लामीनला भरून आलं. नोकरी परत आली, मुलीचं लग्न वाचलं. सी तिजानीने उठून खोकं उघडलं. आतून होणाऱ्या सुनेसाठी आणलेलं झुंबर निघालं, काचेच्या थेंबांनी लगडलेलं. लामीनच्या डोळ्यांत पाणी तरळलं, हात छातीशी गेला, तोंड उघडलं.

"वा! काय सुंदर..."

"तबारकल्ला!"

हाज्जा, सी तिजानी, झकिया, अम्मार, मालक आणि पडद्यामागून युसरा, सगळे एका सुरात किंचाळले. सी तिजानीने तर झुंबरावर स्वतःला आडवं झोकून दिलं होतं. एक थेंब किणकिणला. पडला नाही.

मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" नेझिहाने विचारलं.

"अगं मुली," हाज्जा मन्नूबिया म्हणाली, "यंत्र अडकलं त्याच संध्याकाळी तो इटालियन बायकोसाठी दिवा घ्यायला आमच्या दुकानात आला. जाईल तिथे तेलाचं पाऊल! त्याला विचारलं, त्याने हातवाऱ्यांनी सगळं दाखवलं. लामीनची नक्कल तर काय सुरेख केली."

"मग सोयरीक मोडली का नाहीत?"

"घरोघरी एक असतोच असा. आमच्याकडे तिजानीचा काका होता; लग्नाला बोलवायचो, पण दिवे विझवून जेवायला वाढायचो. मला तुझं घर बघायचं होतं. नवऱ्याची लाज झाकायला जी बाई एवढं मोठं खोटं उभं करते, शेजाऱ्याला कामाला लावते, दुसरी बाई आणून बसवते, तिची मुलगी आमचं दुकान सहज चालवील." म्हातारी लामीनकडे वळली. "लेकरा, तू लग्नात ये, पोटभर जेव. फक्त जेवण आवडलं तर गप्प राहा."

आता शेवटचा हिशेब. मेहुण्याला झाकणं परत घ्यावी लागली आणि सी रऊफला रोज घरी त्याचं व्याज भरावं लागलं. झकियाला खुर्ची मिळाली, शिवाय साऱ्या शहरात नाव. बाजारात लोक तिच्या मनगटाकडे बघू लागले. अम्मारने तळहातावरचं वाक्य घरी बायकोला म्हणून दाखवलं आणि तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. युसराला अनीस मिळाला. लामीनला नोकरी मिळाली, मिशी गेली, आणि गादीच्या खुर्चीवरून तो पुन्हा दाराशी आला.

उरली नेझिहा. पाहुणे गेल्यावर ती गालिच्यावरचा चहा पुसत बसली होती.

"मनगट," ती म्हणाली. "पाण्यातल्या माशासारखं."

"अगं, ते तिने रचलं! तूच तर तिला सांगितलंस!"

"मी राग येण्यासारखं काहीतरी म्हटलं होतं. हे नव्हतं सांगितलं. असलं वाक्य बाईला आपोआप सुचत नाही, लामीन. ते कुणीतरी म्हणावं लागतं."

लामीनने तिच्याकडे पाहिलं. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि या वेळी चूक करून चालणार नव्हतं.

"तबारकल्ला," तो काळजीपूर्वक म्हणाला, आणि पुढचं वाक्य येईल म्हणून थांबला.

ते आलं नाही. नेझिहाने फडकं पिळलं आणि ती आत गेली. सगळ्या स्फाक्समध्ये ती गोष्ट मनापासून खरी मानणारी एकच बाई उरली होती, आणि ती रचलीही तिनेच होती.